विलासची दुबई आणि माझे वाल

ई-मेल गटावरच्या परदेशातल्या भिवंडीकरांनो, बोलतेय मी, टाइप करतेय माझी नात, लेकीची मुलगी. सायबर कॅफेचं मीटर चालू आहे, तेव्हा थोडक्यात सांगते.

आज सकाळी माझ्या मुलाचा, विलासचा, इंग्लंडहून फोन आला. ब्रिटिश पासपोर्ट हातात पडला आणि आता साहेबांना बायकोमुलीला घेऊन दुबईला जायचंय. म्हणे, “आई, तिथे पगारावर टॅक्सच नाही.”

मला लिहिता येत नाही, माझा हिशेब वालाच्या दाण्यांवर. दोन ताटल्या घेतल्या. म्हटलं, “एकेक खर्च सांग.” टॅक्सचे सहा दाणे इंग्लंडच्या ताटलीत पडले. मग मुलीची शाळा निघाली, डॉक्टर निघाला. इंग्लंडात दोन्ही फुकट, दुबईत पैसे. घरभाडंही वर्षाचं एकदम भरायचं. दुबईची ताटली भरत चालली.

“आणि नोकरी सुटली तर?”

“मग देश सोडावा लागतो.”

“मंग कशाला चाललास रं तिकडं?”

तो म्हणाला, “तिथून तुझ्याकडे यायला विमानाने तीन तास लागतात. गेल्या वर्षी तू दवाखान्यात होतीस, तेव्हा मी पाचव्या दिवशी पोचलो, आई.”

याचे किती दाणे टाकायचे ते मला कळेना. “पोरीची शाळा बघ. मी ठणठणीत हाय,” एवढं बोलून फोन ठेवला. मनात मात्र ‘ये’ होतं.

तुमच्यापैकी कोणी आईसाठी देश बदललाय का? पुढे बायकोमुलांनी ते कधी ऐकवलं का? खरंखरं लिहा. उद्या त्याचा परत फोन येणार आहे, आणि मला आजच्यासारखं खोटं बोलायचं नाही.