समाचाराला या, बाह्या सरसावून

मरायला टेकलेल्या माणसाच्या दारात गर्दी जमते हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. पण त्या गर्दीला कामाला लावावं ही अक्कल देवाने आजवर एकाच माणसाला दिली, आणि तोही जालन्यात. ते म्हणजे आमचे लकव्याचे डॉक्टर. मुंबईत मेंदूचं आणि मज्जातंतूंचं मोठं शिक्षण घेऊन, लुळ्या पडलेल्या हातापायांना पुन्हा चालतं करायचं शास्त्र शिकून ते ऐंशीच्या दशकात गावी परतले. पण 'मेंदूचे डॉक्टर' ही पाटी वाचून सुरुवातीला लोक त्यांच्याकडे फक्त उलट बोलणाऱ्या सुनांना घेऊन येत. चेहरा बघायची डॉक्टरांना सवयच नव्हती. समोरून कुणी आलं की यांची नजर पायांवर. चालीवरून ते अख्खा तालुका ओळखत, पण बसलेल्या माणसाची ओळख पटत नसे. एकदा त्यांचे सख्खे मेहुणे दवाखान्यातल्या बाकावर येऊन बसले, तर हे परक्यासारखे बघत म्हणाले, "जरा त्या लिंबापर्यंत चालून दाखवा." मेहुणे चालले, तशी यांनी धावत जाऊन मिठी मारली. मेहुण्यांनी पुढे वर्षभर अबोला धरला.

माझं लग्न वैशाखात ठरलेलं, आणि संक्रांतीच्या सुमारास अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, उजवं अंग गेलं. अण्णांना मरणाची भीती नव्हती. त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता: लेकीचं कन्यादान आपण, आपल्या उजव्या हाताने करायचं. थोरले काका "मी करतो ना" म्हणाले की अण्णा भिंतीकडे तोंड फिरवत.

डॉक्टर दर आठवड्याला फटफटीवर अंबडकडच्या आमच्या गावी येत. पहिल्याच खेपेला त्यांनी ओसरीवरची गर्दी पाहिली. आमच्याकडे आजाऱ्याच्या समाचाराला न जाणं म्हणजे भावकीत तोंड दाखवायला जागा नाही. माणसं केळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन येत, पायथ्याशी बसून उसासे टाकत, अण्णांच्या तोंडावरच "काय माणूस होता हो!" म्हणत आणि चहा पिऊन जात. डॉक्टर हरखलेच. "इतके हात इथं रिकामे बसलेत, अन् मी जालन्यात माणूस हुडकून राह्यलो!" त्या दिवसापासून नियम झाला: अण्णांचं अंग हलवल्याशिवाय चहा नाही. एकाने कोपर वळवायचं, दुसऱ्याने घोटा, तिसऱ्याने बोटं. चुलत आत्याने गळा काढला की डॉक्टर शांतपणे म्हणत, "रडा आत्याबाई, बिलकुल रडा, पण हात थांबवू नका." जांबचे मावसा लकव्यावर जालीम उपाय म्हणून कबुतर घेऊन आले, त्याचं रक्त चोळायला. डॉक्टरांनी ते जिवंत कबुतर अण्णांच्या उजव्या मुठीत दिलं. "धरा. उडालं तर तुम्ही नापास." कबुतर उडालं, त्याच्यामागे मावसा पळाले, आणि आडवं पडल्यापासून अण्णा पहिल्यांदा हसले. अर्ध्या तोंडाने, पण हसले.

पुढे पाय जमिनीला टेकू लागला आणि तिथेच घात झाला. "अण्णा सुधरले" अशी बातमी पसरली, समाचाराला येणारे आटले, आणि हात होता तसाच राहिला. डॉक्टरांनी बराच विचार केला. जाताना चौकातल्या टपरीवर थांबले, चहा बशीत ओतला आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "अण्णांचं काही खरं न्हाई."

दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून नातेवाईक दारात. एकाने तर दुसरी खेप वाचावी म्हणून पांढरं कापडही बरोबर आणलं होतं. आईने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. त्या गर्दीत भोकरदनहून माझे होणारे सासरेही आले. आईला म्हणाले, "उद्या काही बरंवाईट झालं, तर सुतकात वर्षभर कोण थांबतंय? लगीन जल्दी उरकू. कन्यादान थोरले करतील." अण्णांनी ते ऐकलं. आई काही बोलणार, तोच त्या दिवशी मुद्दाम आलेल्या डॉक्टरांनी व्याह्यांचा दंड धरून त्यांना अण्णांच्या उजव्या हाताशी बसवलं. "बराबर टायमाला आलात, पाव्हणे. ही बोटं वळवा." साक्षात मुलाचा बाप मुलीच्या बापाची बोटं चेपतोय! धरणीने पोटात घ्यावं असं आईला झालं. अण्णांचा चेहरा रागाने लालबुंद. आणि एकदम व्याहीच ओरडले, "अगायाया, माझं बोट! करा, तुम्हीच करा कन्यादान!"

वैशाखात अण्णा काठी टेकत मांडवात आले. त्यांनी माझा हात उजव्या हाताने धरला. आता तो नवऱ्या मुलाच्या हातात द्यायचा होता. मंत्र संपले, तरी अण्णांची मूठ उघडेना. भटजी म्हणाले, "सोडा आता." अण्णांच्या कपाळावर घाम आला. "सोडून राह्यलो, महाराज. सुटतच न्हाई." मांडवात हशा पिकला. मला मात्र रडू फुटलं. तेवढ्यात डॉक्टर बुटांसकट बोहल्यावर चढले. "चूक माझी हाय अण्णा. धरणंच शिकवत बसलो. सोडणं त्याच्या मागून येतं, अन् लई सावकाश येतं." त्यांनी अण्णांचं मनगट हळूच खाली वाकवलं, तशी बोटं एकेक करून उघडली. करंगळी तेवढी माझ्या करंगळीत अडकून राहिली.

डॉक्टरांनी ती पाहिली, आणि स्वतःचा हात काढून घेतला. मुहूर्त चालला म्हणून भटजी ओरडत होते. डॉक्टर त्यांना म्हणाले, "थांबा की जरा. हिला औषध न्हाई." आज डॉक्टर नाहीत, अण्णाही नाहीत. त्या दिवशी फार वेळ खोळंबा झाला असं सासरी अजून सांगतात. मला तो फारच थोडा वाटला.