फळ्यावरचा जावा

जावा शिकवणाऱ्या आमच्या सरांचा विषय निघाला की आजही माझं डोकं फिरतं.

भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या जरा अलीकडे, हायवेला लागून आमचं कॉलेज. संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं आणि आत प्रत्येक संगणकावर फुलाफुलांची चादर. धूळ बसते म्हणून सर ती काढू देत नसत. मग जावा शिकायचा कुठे? फळ्यावर. कीवर्ड्स ते पाढ्यांसारखे म्हणून घेत. पब्लिक, प्रायव्हेट, प्रोटेक्टेड, सगळा वर्ग एका सुरात. प्रोग्राम फळ्यावरून उतरवायचा आणि त्याखालचं आउटपुटही सर सांगतील तेच लिहायचं. न चालवलेल्या प्रोग्रामचं उत्तर आम्हाला तोंडपाठ असे.

प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या मेनच्या ओळीत सरांच्या फळ्यावर 'स्टॅटिक' हा शब्दच नसायचा. कधी तरी सुटला असेल, आणि बॅचमागून बॅच तसंच घोकत गेली. आंबागडला घरी मी तो प्रोग्राम मोबाइलवर चालवून पाहिला, तो काही हलेना; शोधलं तेव्हा हा सुटलेला शब्द सापडला. जावातला क्लास म्हणजे साचा आणि त्यातून घडणारं ऑब्जेक्ट म्हणजे भांडं; भांडं ओतण्याआधी साचा हाताशी लागतो. स्टॅटिक एवढंच सांगतो, की हे काम साच्याचंच आहे, भांडं तयार व्हायची वाट पाहू नका. मी वर्गात विचारलं. सर म्हणाले, पुढे येईल. पुढे काही आलं नाही.

नागपूरची एक कंपनी प्रॅक्टिकलमध्ये पहिल्या आलेल्या पाच जणांनाच मुलाखतीला बोलावणार होती. मला ती नोकरी हवी होती. हवी म्हणजे हवीच होती.

परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चादरी काढायला लावल्या आणि प्रोग्राम चालवून दाखवा म्हणाले. सगळ्यांच्या स्क्रीनवर एरर. सरांनी सांगून टाकलं, मशीनच पुरान्या आहेत. मी स्टॅटिक घातला होता, माझा प्रोग्राम तेवढा चालला. परीक्षकांनी मान डोलावली आणि मार्कांचं सरांवर सोपवून ते चहाला गेले. सर माझ्यापाशी आले.

"तुले कोनं सांगतलं बदलवाले? फळ्यावर होतं तसं काहून नाई लिवलं?"

"सर, तसं ते चालत नाही."

"चालवाचं नसते. लिवाचं असते."

त्या पाचांत मी नव्हते. ज्यांचे प्रोग्राम जागचे हलले नाहीत ते पाच जण नागपूरला गेले. माझा राग त्यांच्यावर नव्हता असं मी म्हणणार नाही. त्यांच्यावरही होता.

आता भंडाऱ्यात, पितळी भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझा स्वतःचा क्लास आहे. गेल्या महिन्यात तेच सर आपल्या मुलीला घेऊन जिना चढून आले. त्यांनी मला ओळखलं नाही.

"मॅडम, हिले चालवून चालवून शिकवा," ते म्हणाले. "कॉलेजात निस्तं पाठ करून घेतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पोरीला संगणकापुढे बसवलं आणि येतो तो प्रोग्राम लिही म्हटलं. तिनं भराभर लिहिला. घरीच शिकली होती, बाबांकडून. मेनच्या ओळीत स्टॅटिक नव्हता. तिनं तो चालवला, एरर आला, आणि ती बापाकडे पाहू लागली.

सरांनी चष्मा लावून स्क्रीन न्याहाळली.

"मशीन पुरानी दिसून राहिली, मॅडम."

मी त्यांना चहाही विचारला नाही.