अकरा जोडांचा मालक

कारखान्यात त्याला सगळे सत्तावीस म्हणत. वाफेच्या पाइपचा जोड वेल्डिंग करून झाला की शेजारी आपल्या नंबरचा पंच ठोकायचा, ही तिथली रीत. जोड फुटला तर हात कोणाचा होता ते कळावं. सव्वीस वर्षांत सत्तावीसचा एकही जोड फुटला नव्हता.

मग कारखान्याने कायमचे वेल्डर काढले. साहेब म्हणाला, "सोमवारपासून ठेकेदार म्हणून ये. काम तेच." बाकीचे विचार करत बसले. हा सोमवारी सातला वेल्डिंगचा मुखवटा घेऊन हजर. आधी काम, मग कागद, ही जन्माची सवय. आठवड्यात त्याने अकरा जोड मारले आणि शनिवारी कागदांसाठी सल्लागारबाईंचा जिना चढला.

"तीन वाटा आहेत, काका," बाई म्हणाल्या. "एकट्याच्या नावाने धंदा करा. सोपं आहे, पण तुमचा जोड फुटून कोणी भाजलं, तर भरपाई तुमच्या घरादारातून. भागीदारी केलीत, तर भागीदाराची चूकही तुमच्या गळ्यात. कंपनी काढलीत, तर करार कंपनीचा. सहसा घराला हात लागत नाही. जाणूनबुजून चूक लपवलीत, तर मात्र तीही वाचवणार नाही."

घर म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली सासू, बाहेर बायकोचं शिलाई मशीन.

"कंपनीच काढा," तो म्हणाला. "ते अकरा जोडही तिच्याच नावावर टाका."

"कोणते अकरा?"

त्याने सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"कंपनी जन्मायच्या आधीचं काम तिच्या नावावर कसं टाकू? ते तुमच्या एकट्याचं झालं. आधी यायचंत ना!"

"वरातीमागून घोडं," तो म्हणाला. बाई हसल्या नाहीत.

अकरांपैकी दहा जोडांची त्याने डोळे मिटून हमी दिली असती. नववा तसा नव्हता. तो खांबामागे होता, जिथे मान वळत नाही. आरशात बघून उलट्या हाताने मारायचा. गुरुवारी पाळी संपत आलेली, पाठीशी साहेबाची घाई. पहिल्याच थराला रॉड चिकटला, तेव्हाच घासून पुन्हा मारायला हवा होता. त्याने वरून थर चढवले आणि पंच ठोकला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कच्च्या जोडावर.

घरी मेहुणा येऊन बसला होता. "भाऊजी, कंपनीबिंपनी सोडा. भागीदारी करू. मी बोलतो, तुम्ही काम करा."

"याचा मागचा भागीदार अजून याला शोधत फिरतोय," बायको मशीनवरून म्हणाली.

सत्तावीसने नवव्याचं सांगितलं. मेहुण्याने मांडीवर थाप मारली. "एवढंच? ग्राइंडर फिरवा, नंबर घासून टाका. कोणाच्या बापाला कळतंय!"

मशीन थांबलं. "अहो, वाफ कधी सोडणार?"

"शुक्रवारी."

"त्या पाइपखाली कोण असतं?"

"बॉयलरवाला. दिवसभर."

तिने सुईखालचं कापड काढलं. मग आतल्या खोलीकडे बघत म्हणाली, "घर गेलं तर आईला उचलून कुठे न्यायचं?"

त्याने ताट पुढे ओढलं. जेवण गेलं नाही.

सोमवारी तो ग्राइंडर घेऊन खांबामागे शिरला. समोर सत्तावीस आकडा. घासायला अर्धं मिनिट पुरलं असतं. अंगठा बटणावर होता. बराच वेळ तसाच राहिला. मग तो उठून साहेबाकडे गेला.

"नववा कापावा लागेल."

"वरून तर झकास दिसतोय."

"आतून नाही."

साहेबाने कागद पुढे सरकवला. "चूक तुझी, असं लिहून दे. जोड दुरुस्त कर, आणि पुढचं काम विसर. वर मी काय तोंड दाखवू?"

"साहेब, बाकीचे दहा बघा. सव्वीस वर्षं बघा."

"मी नववा बघतोय."

त्याने तिथेच उभ्याने लिहून दिलं. जोड कापला. आत पाव घेरापर्यंत नख शिरेल एवढी फट होती. कडा घासल्या, आरसा बांधला, आडवा पडून चार तास जोड मारला. या वेळी प्रत्येक थर घासला. मान आखडली. पंच पुन्हा ठोकला. त्याच्या कबुलीनंतर साहेबाने सगळ्याच जोडांचे एक्स-रे काढून घेतले. गुरुवारी फिल्म आली, अकराही जोड निर्दोष. दुपारी फाटकावर पहारेकऱ्याने त्याचा पास काढून घेतला. नजर मात्र वर केली नाही.

पुढचे आठ दिवस तो सहा कारखान्यांच्या फाटकांवर उभा राहिला. ती कबुलीची चिठ्ठी त्याच्या आधी पोचली होती की काय कोण जाणे. कुठेच आत घेतलं नाही.

नवव्या दिवशी सल्लागारबाईंचा फोन आला. "काका, अभिनंदन! कंपनीची नोंदणी झाली. पहिला करार कधी आणताय?"

त्याने फोन ठेवला. मुखवटा दारामागच्या खिळ्याला अडकवला.

"कोण होतं?" बायकोने विचारलं.

"कंपनी झाली."

"मग?"

"मग काही नाही. तिलाही काम नाही."