दात वाचवून आलेली बाई

बीडमध्ये हिरड्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात ती माझ्या शेजारी बसली होती. धारूरची बाई, मिश्री लावून हिरड्या काळ्या झालेल्या.

"समदे दात हलत्यात. लेक म्हणतो, उपटून कवळी बसव. दात माझे, अन् घाई त्याला!"

आतून आली तेव्हा ओठ बधिर होते, पण आवाज केवढा! "वाचत्यात म्हनल्या! हिरडीखालची घाण खरवडली. आता मिश्री सोडायची!"

समोरच्या बाईने पटकन आपली मिश्रीची डबी पदराआड लपवली. मी व्यसनमुक्तीच्या कामासाठी पिशवीत ठेवलेलं तंबाखूविरोधी पत्रक काढेपर्यंत ही तिच्यापुढे उभी!

"लपवती कावून, बये? रगत येतंय न्हवं? आ कर."

तिने सगळ्यांदेखत आ केला. हिने वाकून पाहिलं आणि तिला हाताला धरून आत नेलं.

"बाई, हिचेबी वाचवा!"