आधी शून्य दाखव

"आधी शून्य दाखव, बेटा."

सकाळी माझ्या औषधाच्या दुकानाचं शटर अर्धं वर जातं न जातं, तोच काका वाकून आत यायचे आणि पहिलं वाक्य हेच. नमस्कार-चमत्कार नंतर. मी काउंटरखालून वजनाची मशीन पायाने पुढे सरकवायची. काका गुडघ्यांवर हात टेकून डायलकडे बघायचे, काटा नेमका शून्यावर आहे ना याची खात्री करायचे, आणि मग अंगावरच्या वस्तू एकेक करून काउंटरवर यायच्या. घड्याळ, मोबाइल, पाकीट, पट्टा, सुपारीची डबी, रुमाल, चष्मा. सगळ्यात शेवटी सदऱ्यात हात घालून जानव्याला बांधलेली एक किल्ली सोडायचे.

पहिल्या दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, किल्लीचं वजन ते असून असून किती असणार?"

"असेल तेवढं. लोखंडाचं वजन मी आपल्या नावावर का लावून घेऊ?"

ती किल्ली घरातल्या एका कपाटाची होती. त्यात चिवडा, लाडू, तिळाची गजक असे सगळे डबे बंद केलेले. मी विचारलं, मग किल्ली काकूंकडे नको का? तर म्हणाले, "चोराच्याच गळ्यात किल्ली बांधली ना, की चोराला लाज वाटते." हे त्यांचं शास्त्र. असली शास्त्रं त्यांच्याकडे भरपूर होती.

चष्मा काढल्यावर त्यांना डायल दिसायचा नाही, म्हणून आकडा मी वाचायचा असा नियम पडला होता. ते डोळे मिटून मशीनवर उभे राहायचे आणि मी वर्गात हजेरी घेतल्यासारखी मोठ्याने सांगायची, "अठ्ठ्याण्णव, काका." शेजारच्या किराणावाल्यालासुद्धा ऐकू जायचं. पाटणकर बाजारात काही गुपित राहत नाही, त्यामुळे त्यांनीही कधी हरकत घेतली नाही.

त्या किराणावाल्याचं सांगायलाच हवं. काका सरकारच्या नापतौल खात्यात होते, म्हणजे दुकानदारांची वजनं-मापं तपासणाऱ्या खात्यात. छत्तीस वर्षं लश्कर या आमच्या भागातल्या दुकानदारांचे तराजू त्यांनी तपासले, बाटांवर, म्हणजे लोखंडी वजनांवर, शिक्के मारले, खोट्या बाटांची जप्ती केली. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी ते रस्त्याने चालले की आमचा किराणावाला हातातलं गिऱ्हाईक सोडून आधी तराजूचं पारडं पुसायचा. अशा माणसाचं स्वतःचंच वजन रोज सकाळी बाजारात जाहीर व्हायचं, याची दुकानदारांना काय मजा वाटत असेल ती तुम्हीच समजा.

पण मजेचं कारण नव्हतं. काकूंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. काकांचा रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्याही जुळल्या. दिल्लीच्या डॉक्टरांनी एकच अट घातली, की आधी पंच्याऐंशीवर या, मग तारीख देतो. एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी काढण्यात त्याच्याच जिवाला धोका असतो. काका दिल्लीहून आले ते थेट माझ्या दुकानात, पिशवी खांद्यावर तशीच. म्हणाले, "तेरा किलो. तेरा किलो मध्ये उभे आहेत बघ, माझ्या आणि तिच्या."

मी म्हटलं, घरीच एक मशीन घेऊन ठेवा, स्वस्त मिळते. त्यावर जरा वेळ सुपारीची डबी उघडझाप करत राहिले. मग म्हणाले, "घरी ती रोज बघेल. आकडा हलला नाही की म्हणेल, राहू दे, जाऊ दे. तिचा स्वभाव तुला माहीत नाही." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

पहिल्या महिन्यात काकांचं वजन एक किलोने वाढलं. तुम्ही मराठी असाल तर कारण ओळखलंच असेल. काकांनी सोमवार, गुरुवार, शनिवार असे तीन उपास धरले होते, आणि उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचं कूट, वर दही, संध्याकाळी रताळ्याचा कीस. मी आकडा वाचला, "नव्व्याण्णव." काका डोळे उघडून मशीनकडे असे बघायला लागले, जशी काही ती जप्त करायची आहे.

"उपास करून वाढलं?"

"उपास करूनच वाढलं, काका. जेवला असतात तर कमी झालं असतं."

दुसऱ्या दिवसापासून खिचडी बंद आणि किल्ला सुरू. पहाटे स्कूटरने किला गेटपर्यंत जायचे, तिथे स्कूटर लावून किल्ल्याची चढण पायी चढायचे, उतरायचे, आणि येताना माझ्याकडे. खाली उतरलं की बेडईच्या पुऱ्यांची आणि कचोरीची कढई समोर. मला सांगायचे, "तेवढी वीस पावलं मी श्वास घेत नाही." साठी उलटलेला माणूस, गुडघे कुरकुरणारे, आणि कचोरीच्या वासाला घाबरून श्वास रोखून चाललेला. मी हसायची.

काकूंना दिवसाला पाऊण लिटरच पाणी चालायचं. काका ते स्वतः मापून द्यायचे, साध्या भांड्याने नाही, खात्याचा शिक्का असलेल्या मापाने. मी एकदा औषधं पोचवायला गेले तेव्हा पाहिलं. माप डोळ्यांच्या पातळीवर धरून, एक डोळा मिटून बघत होते. काकू पलंगावरून म्हणाल्या, "बघ, नवऱ्याकडून पाणी घ्यायलाही तपासणी आहे." काका म्हणाले, "एक थेंब कमी नाही मिळणार तुला, जास्तीही नाही." घरात चहा बंद होता. तिला चालत नाही तर मी तिच्यासमोर कसा पिऊ, म्हणायचे.

शहाण्णव. चौऱ्याण्णव. एक्क्याण्णव. नव्वद. आणि नव्वदवर काटा अडकून बसला. पंधरा दिवस झाले, वीस झाले. काकांनी रात्रीची पोळी सोडली, तरी नव्वद. चढण वाढवली, तरी नव्वद. हळूहळू त्यांचं बोलणं कमी झालं. यायचे, वस्तू काढायचे, चढायचे, मी "नव्वद" म्हणायची, ते उतरायचे. "आधी शून्य दाखव" हेसुद्धा म्हणेनासे झाले. एक दिवस पट्टा घालता घालता म्हणाले, "बेटा, हे शरीर काही ऐकून नाही राहिलं माझं. आता बस झालं बहुतेक. उद्यापासून नाही येत मी."

आता मी काय केलं ते सांगते. आमची मशीन जुनी, स्प्रिंगची. बाजूला एक दातेरी चकती असते, ती फिरवली की काटा शून्याच्या मागे-पुढे होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती फिरवली आणि काटा शून्याच्या दोन किलो मागे नेऊन ठेवला. मनात म्हटलं, एकदा आकडा हलला की माणूस हलेल. मग चकती मी हळूहळू परत आणीन, दर आठवड्याला थोडी थोडी. कोणाला कळणार आहे?

येत नाही म्हणालेले काका सवयीने आलेच. चढले. मी म्हटलं, "अठ्ठ्याऐंशी."

त्यांनी डोळे उघडले. "खरंच?"

"मशीन सांगते आहे, काका."

संध्याकाळी माझ्यासाठी गजकचा डबा घेऊन आले. स्वतः एक तुकडाही खाल्ला नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून माणूस किल्ल्यावर असा चढायला लागला की खरोखरच वजन उतरायला लागलं. सत्त्याऐंशी, शहाऐंशी. मला चकती मात्र परत आणता येईना. परत आणली तर त्यांचं वजन वाढलेलं दिसणार. आज आणते, उद्या आणते करता करता मशीनवर पंच्याऐंशी झालं आणि काका-काकू दिल्लीला गेले. मी तोंड उघडलं नाही. वाटलं, दोन किलोंनी काय होतंय, डॉक्टर चालवून घेतील.

डॉक्टरांनी नाही चालवलं. दिल्लीच्या काट्यावर सत्त्याऐंशी भरले. तारीख हुकली, आणि पुढची थेट दीड महिन्यानंतरची.

काका परत आले तेव्हा मी काउंटरमागे हात चोळत उभी होते. तर काकाच म्हणाले, "माझीच चूक आहे, बेटा. गाडीत एक कचोरी खाल्ली. तिनेच घात केला." काकूंनाही त्यांनी हेच सांगितलं होतं. एका कचोरीने दोन किलो वाढत नाहीत, हे वजनमापांच्या माणसाला मी काय सांगणार होते?

त्याच आठवड्यात काकूंच्या छातीत पाणी झालं. श्वास घेता येईना, इथल्याच इस्पितळात भरती करावं लागलं. चार दिवस आयसीयूत होत्या. पाचव्या दिवशी काका औषधं घ्यायला आले, दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. गोळ्यांची पट्टी देता देता मी रडायलाच लागले. सगळं सांगितलं. चकती, दोन किलो, सगळं. म्हटलं, काकूंना काही झालं असतं तर ते माझ्यामुळे झालं असतं.

काका बाकावर बसले. मग म्हणाले, "मला माहीत होतं."

"कसं काय?" मी विचारलं.

"छत्तीस वर्षं मी दुसरं काय केलं? शून्य न बघता मी आयुष्यात कधी काट्यावर चढलो नाही. तोंडाने म्हणत नव्हतो, बस. त्या दिवशी काटा दोन किलो मागे होता, मी बघितला. आणि चष्मा काढून गपचूप चढलो."

"मग बोलला का नाहीत?"

"हवं होतं मला ते." चष्मा पुसत म्हणाले, "किती दुकानदारांचे बाट जप्त केले मी. सगळे म्हणायचे, साहेब, लक्षात नाही आलं. मला राग यायचा. म्हणायचो, खोटं बोलतो. आता कळलं की माणूस लक्षातच येऊ देत नाही. वाटलं, दिल्लीला जाईपर्यंत उतरतील हे दोन किलो, कोणाला कळणार आहे?"

माझेच शब्द होते ते. काका उठले, खाली बसले, स्वतःच्या हाताने चकती फिरवून काटा शून्यावर आणला. मग शेजारच्या किराणावाल्याकडे जाऊन म्हणाले, "भैया, अपना पाँच किलो का बाट देना." तो बिचारा पांढराफटक पडला. त्याला वाटलं, निवृत्तीनंतरही जप्ती.

तेव्हापासून रोज सकाळी आधी शून्य, मग मशीनवर पाच किलोचा शिक्क्याचा बाट, काटा पाचावर आला की मग काका. किराणावाला स्वतः बाट पुसून आणून द्यायचा आणि आकडा ऐकायला उभा राहायचा. काका आता सकाळ-संध्याकाळ किल्ला चढायचे. दीड महिन्याने मी वाचलं, "साडेचौऱ्याऐंशी," तेव्हा किराणावाल्याने टाळी वाजवली. काकांनी पुन्हा बाट ठेवून काटा तपासला, आणि मग हसले.

दिल्लीच्या काट्यावर शंभर ग्रॅम कमीच भरले. ऑपरेशन झालं. दोघंही सुखरूप परत आले. काका हळूहळू चालत दुकानात आले, पोटावर हात धरून मशीनवर चढले आणि म्हणाले, "वर्षभर किल्ला चढलो, कचोरी सोडली, साबुदाणा सोडला. आणि डॉक्टरने बघ, झोपेत दीडशे ग्रॅम काढून घेतले. एका किडनीचं वजन तेवढं असतं म्हणे. मी विचारून घेतलं."

"माप चुकायला नको म्हणून?"

"मग? देतो आहे तर किती देतो आहे ते नको माहीत?"

त्या दिवशी कपाटाची किल्ली त्यांनी काकूंना दिली. काकूंनी पहिला डबा उघडून मला लाडू पाठवले.

दोन वर्षं चांगली गेली. काकू बाजारात यायला लागल्या, ऊन पडलं की फाटकाशी बसायला लागल्या, आणि मुख्य म्हणजे तहान लागली की पोटभर पाणी प्यायला लागल्या. काका कौतुकाने सांगायचे, "आज तिने दोन तांबे पाणी प्यायलं."

मागच्या थंडीत, सकाळी पूजा करता करता, काका बसल्या जागी गेले. हृदय बंद पडलं. किडनी दिल्याचा याच्याशी काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी दोनदा विचारून घेतलं.

त्यानंतर महिन्याभराने एका सकाळी मी शटर उचललं तर समोर काकू. जेवण सुटल्यामुळे फार वाळल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वजन वाढवा, रोज बघत जा. मी मशीन पुढे सरकवली.

"आधी शून्य बघायचं असतं ना?" काकूंनी विचारलं.

मी शून्य दाखवलं. शेजारचा किराणावाला न सांगता बाट घेऊन आला, ठेवला, पाच दाखवून घेऊन गेला. काकूंनी घड्याळ काढलं, चष्मा काढला, बटव्यातून ती किल्ली काढून काउंटरवर ठेवली आणि मशीनवर उभ्या राहिल्या. आकडा मला जरा वेळाने वाचता आला.

"त्रेचाळीस, काकू."

"त्यातले दीडशे ग्रॅम ह्यांचे आहेत," त्या म्हणाल्या. "ते धरून सांगितलेस ना?"

"धरूनच सांगितलं."

"मग ठीक आहे. आता रोज येईन." असं म्हणूनही त्या लगेच उतरल्या नाहीत.