साहेब जेवत नाहीत

कवळीकाका बोलायच्या भानगडीत फारसे पडत नसत. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे आणि घराच्या पुढच्या खोलीत बसून काका त्यावरून कवळ्या घडवायचे. घरातलं बोलणं काकूंकडे होतं, दोघांच्या वाटणीचं. काकांनी "हं" म्हटलं की काकू त्यावर तासभर वाद घालत आणि शेवटी "बरं बाबा, तुमचंच खरं" म्हणून स्वतःच मिटवून टाकत.

त्या काकू एका सकाळी चहा गाळता गाळता खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

मागे राहिले काका आणि साहेब. साहेब म्हणजे काकूंचा कुत्रा. आखूड पाय, लांबलचक पाठ आणि चेहरा असा, की आता कुणाची तरी बदली करणार. काकांशी त्याचं कधीच पटलं नव्हतं. घर आपलं आणि काकूंचं, हा म्हातारा नुसता भाडेकरू, अशी त्याची ठाम समजूत होती.

भेटायला येणारे आले आणि हळूहळू यायचे थांबले. निघताना मुलगी म्हणाली, "बाबा, साहेबाला मी नेऊ का? तुमच्याच्यानं नाही व्हायचं."

"ने," काका म्हणाले.

पण साहेब काकूंच्या पलंगाखाली जो घुसला, तो गाडी जाईपर्यंत बाहेर आला नाही. नंतर त्यानं अन्न सोडलं. दूध नाही, उकडलेलं अंडं नाही. काकांनी त्याला काखोटीला मारून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, "प्रकृती ठणठणीत आहे. आठवण काढतोय. याला भरवताना काकू काय करायच्या?"

काकांनी बराच विचार केला. "बोलायच्या."

"मग तुम्ही बोला!"

पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलावं तसं झालं. काका वाटी ठेवून समोर स्टुलावर बसले. बोलायचं काय? शेवटी कोपऱ्यातलं प्लास्टरचं पोतं ओढून त्यावरच्या सूचना वाचायला लागले.

"कोरड्या जागी ठेवावे. डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवावे."

साहेबानं कान टवकारले. वाटीत तोंड घातलं. काका थांबले, तसा साहेबही थांबला.

"लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये!" काका घाईघाईनं ओरडले. साहेबानं दुसरा घास घेतला.

पोतं पाठ झाल्यावर साहेब कंटाळला. मग काका गिऱ्हाइकांवर घसरले. कुणाला नट्यांसारखे दात हवेत, कोण कवळी डब्यात ठेवून डबाच विसरतो. चहाड्यांवर साहेबाची भूक चांगलीच वाढली. एका दुपारी मात्र काका बोलता बोलता भलतीकडेच गेले.

"मी काम करताना दार लोटून घ्यायचो ना, ते तिच्याकडे धूळ जाऊ नये म्हणून रे. तिला वाटायचं, मी बडबडीला कंटाळलो. आतून तिचा आवाज आला की हात कसा सुरळीत चालायचा... सांगायचं राहूनच गेलं."

वाटी अजून अर्धी होती. साहेबानं ती तशीच सोडली, तुरुतुरु आला आणि काकांच्या पावलावर हनुवटी टेकून बसला. काका खूप वेळ रडले. पाय बधिर झाला, पण हलवला नाही.

त्यानंतर साहेब पुढच्या खोलीत टेबलाखाली राहू लागला. तिथेच घोटाळा झाला. एक निवृत्त मुख्याध्यापिका नवी कवळी न्यायला आल्या होत्या. त्यांनी जुनी काढून पर्समध्ये टाकली, काका पाणी आणायला वळले, तेवढ्यात साहेबानं टेबलावरची नवीकोरी कवळी पळवली.

"माफे दाफ!" बाई किंचाळल्या. "फकडा फ्याला!"

साहेब पुढे, काका मागे, त्यांच्या मागे पर्स सांभाळत बाई. न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीवर साहेब वळून उभा राहिला. कवळी तोंडात अशी काही बसली होती, की पांढऱ्याशुभ्र दातांनी तो सगळ्या रस्त्याकडे बघून हसत होता.

न्हावी म्हणाला, "काका, साहेबांना आज हसताना पाहिलं बुवा!"

काका पायरीवरच बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. बाईही हसल्या, आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. काकांनी त्यांना दुसरी कवळी करून दिली, फुकट.

मुलीनं पुढे फोनवर पुन्हा विचारलं, "बाबा, येऊ का साहेबाला न्यायला?"

"छे गं! त्याला सगळं सांगावं लागतं. तुला कुठे वेळ?" आणि काकांनी तिला रस्त्यावरच्या इतक्या बातम्या सांगितल्या, की शेवटी तीच "हं, हं" करायला लागली.

आता संध्याकाळी दोघं न्हाव्याच्या बाकावर बसलेले असतात. काका काकूंच्या गोष्टी सांगतात, नकला करून. न्हावी वस्तरा हवेत धरून ऐकतो आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या गालाला साबण लावलेलं, "पुढे काय झालं?" म्हणून विचारत बसतं.