बूथवर ठेवलेला निरोप

औरंगाबादला वडिलांचं ऑपरेशन चालू होतं आणि मी जुन्या जालन्यात, माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या, जावा शिकून आलेल्या पोरांना जावास्क्रिप्टमधलं क्लोजर समजावत होतो. जावात सगळं ऑब्जेक्टमध्येच बसवतात, म्हणून त्यांचं एकच टुमणं, “सर, पण ऑब्जेक्ट कुठंय?” माझं डोकंच फिरलं.

“अरे, सकाळी मी क्लासच्या खालच्या एसटीडी बूथवाल्याला सांगून ठेवलंय, दवाखान्यातून माझ्या भावाचा फोन आला की वर येऊन मला बोलवा. म्हणजे करायच्या कामाचं एक फंक्शनच त्याच्या हवाली केलं. फोन येईल तेव्हा तो ते चालवणार. मी तिथून निघून आलो, तरी ‘वर’ म्हणजे कुठं, हे त्या निरोपाला चिकटलेलंच आहे. हेच क्लोजर, आपली जागा सोबत घेऊन फिरणारं फंक्शन!”

“आता बराबर समजलं,” एक जण म्हणाला. “पण सर, लाइट गेली म्हणून आपण तर या दुसऱ्या गल्लीत येऊन बसलोय ना?”

मी खडूसकट बूथकडे पळालो. बूथवाला जिना उतरत होता.

“कुठं गेल्ते, सर? दोनदा वर जाऊन आलो, कुलूपच होतं.”

फोनवर भाऊ काय म्हणाला, हे न विचारताच मी बूथमध्ये शिरून दवाखान्याचा नंबर फिरवू लागलो.